‘फितूर’ फिर्यादीची फाइल कशी वाचायची?

संशोधन प्रस्तावात ‘पीडितेचा असहकार’ असं लिहिलंत की निम्मं उत्तर तुम्ही प्रश्नातच देऊन टाकता. माझ्या पहिल्या प्रस्तावात हाच शब्द होता, म्हणून सांगतेय.

समजा, चाकणमधल्या एका बाईने नवऱ्याविरुद्ध ४९८अ खाली गुन्हा नोंदवला (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५). वर्षभराने पोटगीवर तडजोड झाली. आता केस मागे घ्यायची तर? घेता येत नाही. हा गुन्हा आपसांत मिटवण्याजोगा नाही. उरतात दोन वाटा. मुंबईला उच्च न्यायालयात जाऊन संमतीने गुन्हा रद्द करून घ्यायचा, नाहीतर खेडच्या कोर्टात साक्षीला उभं राहून ‘माझी काही तक्रार नाही’ म्हणायचं. पहिल्या वाटेला वकील, प्रवास, बुडालेली हजेरी. कंपनीत कंत्राटावर राबणारी बाई कोणती धरेल? आणि दुसरी धरली की कागदावर काय उरतं, तर फिर्यादी फितूर, आरोपी निर्दोष.

मुंबई उच्च न्यायालयानेच २०२२ मध्ये नोंदवलं की संमतीने गुन्हे रद्द करण्याचे रोज किमान दहा अर्ज येतात, गावाकडून येणाऱ्यांची रजा आणि पैसा जातो. आंध्रने २००३ मध्येच हा गुन्हा तडजोडयोग्य केला होता. (तसं केल्याने सासरचा दबाव वाढेल, हा आक्षेपही खोटा नाही.)

पौलमी रॉयचौधरींचं ‘कॅपेबल विमेन, इनकॅपेबल स्टेट्स’ जरूर वाचा. यंत्रणा स्वतःचं काम बाईवरच ढकलते, हे त्या पश्चिम बंगालमधल्या क्षेत्रकार्यातून दाखवतात, आणि ते पटतं. पण तिथे बाईच्या पाठीशी संघटना, मध्यस्थ, ओळखीची माणसं दिसतात. दोन वर्षांपूर्वी लातूरहून किंवा बिहारहून येऊन भाड्याच्या खोलीत राहणारीला हे कुठून मिळणार? त्यामुळे ती चौकट चाकणवर जशीच्या तशी बसवू नका.

भीतीने गप्प बसलेली आणि तडजोड करून मोकळी झालेली, दोघींचा निकाल कागदावर सारखाच दिसतो. म्हणून नुसत्या निकालावर थांबू नका. पोटगीचा किंवा २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा अर्ज कधी निकाली निघाला, ते शोधा. मग साक्षीची तारीख त्याच्याशेजारी ठेवा.