वेदरफर्ड, टेडी

(११ ऑक्टोबर १९०३ – २५ एप्रिल १९४५). जॅझ संगीतातील कृष्णवर्णीय अमेरिकन पियानोवादक व वृंदनेता. जन्म व्हर्जिनिया राज्यातील पोकाहॉन्टस येथे. किशोरवयात न्यू ऑर्लीअन्स येथे त्याने पियानोवादन आत्मसात केले व पुढे तो शिकागोत आला. तेथील व्हेंडोम चित्रपटगृहात मूकपटांना साथ करणाऱ्या अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात तो लुई आर्मस्ट्राँगचा सहकारी होता. या वृंदाच्या १९२६ मधील ‘स्टॅटिक स्ट्रट’ व ‘स्टॉम्प ऑफ, लेट्स गो’ या दोन ध्वनिमुद्रणांतून त्याच्या त्या काळातील वादनाची अल्पशी कल्पना येते.

त्याच वर्षी जॅक कार्टरच्या वृंदाबरोबर तो शांघायला गेला आणि थोडे अपवाद वगळता पुढील आयुष्य त्याने आशियातच घालविले. त्याच्या कीर्तीच्या दृष्टीने हा निर्णय हानिकारक ठरला. शिकागोत त्याची तुलना अर्ल हाइन्सशी होत असे. परंतु हाइन्सने १९२८ मध्ये आर्मस्ट्राँगबरोबर केलेली ध्वनिमुद्रणे जॅझच्या इतिहासात मानदंड ठरली. वेदरफर्ड त्या वेळी दूर पूर्वेकडे होता. दोघांत श्रेष्ठ कोण, हा वाद त्यामुळे बव्हंशी निराधार आहे. एकाचा पुरावा विपुल, तर दुसऱ्याचा तुटपुंजा.

ताजमहाल हॉटेलच्या नृत्यदालनात १९३५ मध्ये लीअन ॲबीचा वृंद वाजवून गेला. पाठोपाठ ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथचा वृंद मुंबईत आला. त्यात वेदरफर्ड पियानो वाजवी. या वृंदाचे नेतृत्व १९३७ मध्ये त्याच्याकडे आले. अर्थात ही मुंबई मूठभर सधनांची होती. सामान्य मराठी श्रोत्याला त्या दालनाचा उंबरठाही अपरिचित होता. तेथे येणारे मुख्यतः नाचण्यासाठी येत. साहजिकच लय नर्तकांच्या पावलांनी ठरे आणि पियानोवादकाला स्वतंत्र विस्तारासाठी मिळणारा अवकाश मर्यादित असे. तरीही एकच धून प्रसंगानुसार लांबविण्याची मुभा तेथे होती. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या सुमारे तीन मिनिटांत ती नव्हती. बैठकीतील ख्याल आणि त्याच गायकाची तबकडी यांतील अंतर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा भेद अधिक सांगावयास नको.

पॅरिसमध्ये १९३७ साली ‘स्विंग’ या ध्वनिमुद्रिका-संस्थेसाठी त्याने केलेले एकलवादन ही त्याच्या कलेची सर्वांत विश्वसनीय साक्ष होय. ‘टी फॉर टू’, ‘मेपल लीफ रॅग’ व ‘वेदर बीटन ब्लूज’ या त्यांपैकी काही रचना. त्याचा डावा हात खालच्या सप्तकातील एकेरी स्वर आणि मध्य सप्तकातील स्वरसंघात यांच्यामध्ये अविरत झेपा घेतो. ढोलक व खर्जवाद्य यांची कामे हा एकच हात करीत असल्याने वृंदाची उणीव जाणवत नाही. उजवा हात मूळ सुरावट फार काळ तशी ठेवीत नाही; तो तिच्यात वेगवान स्वरपंक्ती गुंफतो, क्वचित त्यांची गर्दीही करतो. स्कॉट जॉप्लिनची ‘मेपल लीफ रॅग’ (१८९९) ही मुळात लिखित व संयत रचना. ती येथे उत्स्फूर्ततेचे निमित्त बनते. कौशल्याच्या प्रदर्शनाचा मोह त्याला आवरत नाही, हा दोष मान्य करावा लागेल. मात्र ‘ब्लूज’मध्ये गती उतरली की त्याच्या स्पर्शातील भारदस्तपणा प्रत्ययास येतो. केवळ चापल्यावर विसंबणाऱ्या वादकाला हे साधत नाही.

दुसऱ्या महायुद्धकाळात कलकत्त्यातील ग्रँड हॉटेलमध्ये त्याचा वृंद वाजवीत असे. अमेरिकन सैनिकांसाठी त्याच्या वादनाचे नभोवाणीवरून प्रक्षेपणही झाले. त्या काळातील कोलंबियाच्या ध्वनिमुद्रिका त्याच्या वृंदाच्या आहेत; त्यांवर गायनाला प्राधान्य असल्याने पियानो बहुधा मागे पडतो. भारतात ज्या वादकाला लोकांनी वर्षानुवर्षे प्रत्यक्ष ऐकले, त्याचे वादन समजून घेण्यासाठी पॅरिसच्या मुद्रिकांकडे वळावे लागते, हे विपरीत खरे. तो कलकत्त्यातच पटकीने मरण पावला.

त्याचा मुंबईतील ठसा इतरत्र शोधावा लागतो. त्याच्या वृंदात वाजविलेला गोव्याचा ट्रंपेटवादक फ्रँक फर्नांड पुढे हिंदी चित्रपटसंगीतात स्थिरावला. ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) हे कोकणी चित्रपट त्याचेच.