योद्ध्याच्या मागचं वस्त्र

बोर्निओतल्या सारावाकच्या पर्यटन-जाहिरातींत एक चित्र पुन्हा पुन्हा भेटतं. शिरोभूषणात धनेशाची पिसं खोवलेला इबान योद्धा, हातात ढाल, आणि पाठीमागे टांगलेलं तांबूस वस्त्र. नजर योद्ध्यावरच जावी अशी मांडणी. मी म्हणेन, आधी ते वस्त्र बघा. त्याचं नाव पुआ कुंबू.

त्याचा लाल रंग भडक नाही. विटकरीकडे झुकलेला, आतून तापल्यासारखा. तो एंगकुडूच्या मुळांतून निघतो. आपल्याकडे आलाचा तांबडा रंग देणाऱ्या बारतोंडीच्याच कुळातलं हे झाड. पण रंग चढण्याआधी सूत आलं, मीठ आणि तेलाच्या मिश्रणात मुरवावं लागतं, मग कित्येक दिवस दिवसा ऊन आणि रात्री दव. या विधीला ‘ङार’ म्हणतात. प्रमाण जरा चुकलं की रंग सुतात मुरत नाही. ते प्रमाण जाणणाऱ्या बाईचा मान मोठा, आणि या कामाचं इबान नाव ‘कायाऊ इंदू’, म्हणजे बायकांची लढाई. पूर्वी लढाईतून आणलेलं शत्रूचं मस्तक पुआवरच स्वीकारलं जाई. चित्रात मागे सारलेल्या या कापडाला योद्ध्याइतकंच, किंबहुना जास्तच, तेज आहे.

आता नक्षीच्या कडा पाहा. रेघ कुठेच कापल्यासारखी सरळ नाही, किंचित पिसारलेली आहे. पटोल्यात ताणा आणि बाणा दोन्ही बांधून रंगवतात. इथे फक्त ताणा. विणायला बसण्याआधीच मगर, साप, माणसाची आकृती धाग्यांत गाठींनी बांधलेली असते. गाठीखाली रंग हलकेच झिरपतो आणि आकृती श्वास घेतल्यासारखी दिसते. यातल्या जबर आकृत्या कुणीही विणायच्या नसतात. त्यासाठी हात मुरलेला हवा आणि स्वप्नात आज्ञा मिळालेली हवी.

जाहिरातींत ‘डायाक’ हा एकच शब्द इबान, बिदायुह, न्गाजू अशा कितीतरी समाजांवर पांघरला जातो. सापे हे तंतुवाद्य केन्या-कायानांचं, पुआ इबानांचा. शेजारी असले तरी घरं वेगळी.

मला सर्वांत आवडते ती मधली उभी शिवण. पुआचे दोन पट्टे एकत्रच बांधून रंगवतात, विणून झाल्यावर मधोमध जोडतात. चांगल्या पुआत मगरीचं अर्धं अंग उरलेल्या अर्ध्याला असं भिडतं की टाका शोधावा लागतो. चित्रात ही जागा योद्ध्याच्या पाठीआड जाते. कुचिंगला तुन जुगा फाउंडेशनच्या दालनात मात्र पुआसमोर कुणी उभं नसतं.