कुलवृत्तांत आणि कुलूपबंद खोली

डिंभे येथील एका शिक्षक स्नेह्यांनी गावच्या वाचनासाठी आमच्याकडे थोडी पुस्तके निवडून मागितली. अट इतकीच की, भयकथेपासून घराण्याच्या इतिहासापर्यंत सर्व रुचींचे काही तरी त्यांत असावे. यादी करू लागलो तेव्हा ही दोन टोके वरवर दिसतात तितकी दूर नाहीत, असे आमच्या ध्यानात आले. दोहोंचा विषय घर हाच आहे. कुलवृत्तांत पाहुण्यांस ओसरीवर बसवून बोलतो; भयकथा त्यांस माजघरामागील कुलूपबंद खोलीकडे नेते.

कुलवृत्तांताची आपल्या टीकाकारांनी फारशी दखल घेतलेली नाही. मूळ पुरुष, गोत्र, कुलदैवत, शाखोपशाखांच्या वंशावळी आणि मग एकेका व्यक्तीचे शिक्षण व व्यवसाय, असा त्याचा ठरलेला घाट असतो. कोणती शाखा केव्हा घाट चढून आली, भिक्षुकी सोडून नोकरीस केव्हा लागली, हे शोधणाऱ्या अभ्यासकास हे ग्रंथ मोलाचे आहेत. परंतु यांत सून बहुधा दोन नावांपुरती उरते, एक माहेरचे व एक सासरचे; आणि कर्जात बुडालेल्या किंवा परागंदा झालेल्या वंशजाची वासलात एका ओळीत लागते. घराण्याचा अभिमान हाच जेथे लेखणी धरतो, तेथे घराण्याचे दुःख कागदावर उतरत नाही.

ते दुःख उतरते कोठे? आमच्या मते, पुष्कळदा भयकथेत. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्यावर उसनवारीचा आक्षेप घेतला जातो, व तो निराधार नाही. ‘लुचाई’ ही स्टीफन किंग यांच्या ‘सालेम्स लॉट’ (१९७५) या कादंबरीवर बेतलेली आहे. तरीही परक्या भयास मराठी वाड्यात वसविण्याची त्यांची हातोटी मान्य करावीच लागेल. त्यांचे खरे न्यून निराळे आहे. ‘समर्थां’सारखा तारणहार येऊन सर्व निस्तरतो, आणि घराने स्वतःशी करावयाचा हिशेब तसाच राहून जातो. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या उत्तम गूढकथांत हा सुटकेचा मार्ग नसतो. तेथील भय माणसाच्या मनातच घर करून असते. जी. ए. कुलकर्णी यांची वाट याहून वेगळी. ‘रमलखुणा’ (१९७५) मधील ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’ या दीर्घकथांतील माणसे वाटेवरची आहेत. कुळाचा आधार त्यांस नाही, आणि त्यांचा अंधार नियतीचा आहे.

या दोन टोकांमधील पूल म्हणजे श्री. ना. पेंडसे यांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही द्विखंडात्मक कादंबरी. जगबुडीच्या काठच्या एका घराण्याच्या पिढ्यांची ही कहाणी वंशावळीचा सांगाडा घेते. परंतु कुलवृत्तांत जे वगळील, तो मद, ते वैर, तो ऱ्हास, तेच तिचे रक्तमांस आहे. २०१८ साली आलेल्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटाने नाव या कादंबरीवरून घेतले आणि कथाबीज धारपांच्या कथेतून. आमच्या म्हणण्यास याहून बोलका पुरावा कोणता हवा?

कल्पितावाचून हे साधत नाही असे मात्र नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त वडिलांच्या सोवळ्याचे वेड आणि त्यापायी घरादाराचे झालेले हाल आले आहेत. दुसऱ्या कोणाच्या हाती ही भयकथाच झाली असती; लक्ष्मीबाई ती हसत सांगतात आणि काहीही लपवीत नाहीत. घराण्याचा इतिहास कसा लिहावा, याचा हा आमच्या दृष्टीने आदर्श आहे.

डिंभ्याच्या वाचकांस हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नाणेघाटाच्या लेण्यात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा सातवाहनांचा कुलवृत्तांतच कोरलेला आहे. राणी नागनिकेच्या त्या लेखात यज्ञ व दक्षिणा मोजून सांगितल्या आहेत. मागील भिंतीवरच्या राजकुलाच्या प्रतिमा नष्ट झाल्या, नावे मात्र राहिली. इकडे ज्या आंबेगावावरून तालुक्यास नाव पडले, ते गावच घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. तेथे तालुक्याचे नाव उरले आणि घरे बुडाली. त्या खोऱ्यातील महादेव कोळी कुटुंबांचा कुलवृत्तांत कोणी लिहिला? सातबारा आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला यांवर नाव असते. चुलीची जागा, देवाची जागा, उठून जाण्याच्या दिवशी म्हातारी काय बोलली, हे नसते.

म्हणून आम्ही पाठविलेल्या यादीच्या अखेरीस एक कोरी वही ठेवण्याची सूचना केली आहे. धारप वाचावेत, पेंडसे वाचावेत, लक्ष्मीबाई तर पुनःपुन्हा वाचाव्यात. आणि मग ज्यांस जुने घर आठवते अशी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्याकडून ऐकून त्या वहीत लिहावे. लिहिताना मोठेपण सांगावे, तशी कुलूपबंद खोलीही उघडावी. जे घर पाण्याखाली गेले, त्याचा अंधारही जपून ठेवण्याजोगा असतो.