शेजार : मराठी कथासाहित्यातील एक उपेक्षित नाते

मराठी भाषेत नात्यांना नावांची वाण नाही. आत्या, मावशी, मामी, काकू, जाऊ, नणंद, भावजय, विहीण, साडू, व्याही – प्रत्येक नात्याला स्वतंत्र शब्द आहे, आणि त्या शब्दाबरोबर मानापानाची, देण्याघेण्याची व रुसव्याफुगव्याची एक सिद्ध परंपरा आहे. शेजाऱ्याला मात्र एकच शब्द आणि तोही संबोधनाला निरुपयोगी. 'अहो शेजारी' अशी हाक कोणी मारीत नाही. शेजारीण काकू होते, मावशी होते, वहिनी होते. म्हणजे तिला घरात घेण्यापूर्वी उसन्या नात्याची वस्त्रे नेसवावी लागतात. ही केवळ भाषेची गंमत नव्हे. रक्ताच्या नात्यापलीकडील माणसाचे आपल्यावर काही ऋण असू शकते हे मान्य करताना मराठी मन किती अवघडते, त्याची ती खूण आहे. मराठी कथाकादंबरीने हा अवघडलेपणा जसाच्या तसा स्वीकारला. कुटुंबाच्या चित्रणात तिने जी सूक्ष्मता दाखविली, तिचा अल्पांशही शेजाराच्या वाट्याला आला नाही. शेजारी कथेत येतो तो बातमी आणण्यासाठी, साखर मागण्यासाठी, फार तर नायिकेविषयी कुजबुज करण्यासाठी. काम झाले की तो आपल्या दाराआड जातो, आणि त्या दाराआड काय आहे याची चौकशी करण्याची लेखकाला गरज भासत नाही.

वस्तुतः शेजार हे कथाकाराच्या दृष्टीने असामान्य सामर्थ्याचे नाते आहे. नातलग निवडता येत नाहीत, मित्र निवडता येतात. शेजारी या दोहोंच्या मधला. तो निवडलेला नसतो, पण त्याच्याशी संबंध ठेवावा की नाही हे रोज नव्याने ठरवावे लागते. नातलगाला हक्क असतो, मित्राला प्रेम असते. शेजाऱ्याला केवळ सान्निध्य असते. भिंतीपलीकडचे भांडण त्याला ऐकू येते. कोणाच्या घरी चूल किती वाजता पेटली आणि कोणाच्या घरी ती पेटलीच नाही, हे त्याला ठाऊक असते. एवढे ज्ञान हाती असून त्याचा अधिकार मात्र शून्य, या विसंगतीतच नाट्य आहे.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई' (१९३५) या पुस्तकाकडे मातृप्रेमाची गाथा म्हणून पाहण्याची सवय इतकी दृढ झाली आहे की, त्यातील शेजारणींकडे समीक्षेचे फारसे लक्ष जात नाही. आईच्या अखेरच्या आजारात घरात बळ उरलेले नसते, पैसा तर नसतोच. त्या वेळी तिचे अंथरूणपांघरूण पाहणाऱ्या, तिला घोटभर काही पाजणाऱ्या स्त्रिया आहेत त्या जानकीवयनी, नमूमावशी अशा आळीतल्या बायका. गुरुजींनी त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलेले नाही. त्या येतात, करतात आणि जातात. पण वैभव गेल्यावर नात्यांचा आधार सुटत जातो आणि शेजाराचा टिकतो, ही या पुस्तकातील एक कठोर गोष्ट आहे. भावुकतेचा आरोप ज्यांना या पुस्तकावर करावयाचा असतो, त्यांनी ती एकदा शांतपणे पाहावी.

याच पुस्तकात शेजाराची सीमाही दिसते. लाकडाची मोळी उचलता न येणाऱ्या एका वृद्ध महार स्त्रीच्या मदतीला आई श्यामला पाठविते आणि परत आल्यावर स्नान करावयास सांगते. आईच्या ठिकाणची करुणा खरी आहे. स्नानही खरे आहे. ती म्हातारी गावचीच आहे, रोजच्या वाटेवरची आहे. तरीही ती शेजारीण नाही. तिच्यावर दया करता येते, तिच्याकडून घोटभर पाणी घेता येत नाही. शेजार म्हणजे देणे आणि घेणेही, आणि घेण्याची वेळ आली की गावकुसाची भिंत आड येते. गुरुजींनी हा प्रसंग सुधारणेच्या तळमळीने लिहिला यात शंका नाही. परंतु कलाकृती कित्येकदा लेखकाच्या हेतूपेक्षा अधिक सांगून जाते, त्याचे हे उदाहरण आहे.

मराठीत शेजाराला खऱ्या अर्थाने मध्यवर्ती स्थान मिळाले ते चाळीच्या वाङ्मयात, आणि त्या वाङ्मयाचा मानबिंदू म्हणजे पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८). या पुस्तकाला नायक नाही, कथानक नाही. आहे तो केवळ शेजार. पु. लं.ची प्रतिभा येथे चाळीच्या रचनेशीच एकरूप झाली आहे. एका सामाईक गॅलरीवर ओळीने उघडणाऱ्या खोल्या, तसे ओळीने उघडणारे हे लेख. 'उपास' या प्रकरणात पंत वजन उतरविण्याचा संकल्प करतात. तो संकल्प त्यांचा एकट्याचा असा क्षणभरही राहत नाही. बातमी चाळभर होते आणि प्रत्येक बिऱ्हाड एकेक पदार्थ वर्ज्य करण्याचा सल्ला घेऊन हजर होते. कोणी भात सोडावयास सांगतो, कोणी साखर, आणि अखेर सोडण्यासारखे काही शिल्लकच राहत नाही. येथील विनोद शाब्दिक कसरतीचा नाही. एका माणसाचे शरीर ही साऱ्या मजल्याची सार्वजनिक मालमत्ता असावी, यात काही वावगे आहे असे त्या समाजात कोणालाच वाटत नाही, स्वतः पंतांनाही वाटत नाही, हे या विनोदाचे मूळ आहे. 'गच्चीसह झालीच पाहिजे' या प्रकरणात संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाची घोषणा चाळीच्या गच्चीसाठी वापरली गेली आहे. त्या विडंबनातही जाणवते ते हेच, की एरवी पाण्यावरून भांडणारी ही माणसे चार हात मोकळ्या जागेसाठी 'समाज' होऊ शकतात.

या शेजाराला एक ऐहिक पाया होता, आणि आस्वादक समीक्षेने त्याकडे पाठ फिरविणे बरे नव्हे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतील जुनी भाडी १९४० च्या पातळीवर जवळजवळ गोठविली. खोली सोडणे म्हणजे शहर सोडणे असे समीकरण झाले. मग समोरच्या दारातला माणूस आवडो वा न आवडो, तो दोनदोन, तीनतीन पिढ्या समोरच राहिला. ज्याच्याशी आयुष्यभर एकच जिना चढावयाचा आहे, त्याच्याशी निर्णायक भांडण परवडत नाही. चाळीतील सहिष्णुता हा मनाचा मोठेपणा होता, तसा तो जागेचा अपुरेपणाही होता. पु. लं.ना हे ठाऊक असावे. त्यांच्या चाळीतील एकही भांडण शेवटास जात नाही ते उगाच नव्हे.

पण नेमके येथेच या पुस्तकाविषयी एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. अखेरच्या 'चिंतना'त विनोदाचा सूर मावळतो आणि ओसरत चाललेल्या त्या जीवनाविषयीची हळहळ प्रकट होते. रसिकांनी या भागावर मनापासून प्रेम केले. १९६१ पासून पु. लं.नी रंगमंचावर एकट्याने ही चाळ उभी केली, तेव्हा तर या हळहळीला सामुदायिक उत्सवाचे रूप आले. हळहळ खोटी नाही. मात्र तिच्यात एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो : या चाळीत खोली कोणाला मिळाली होती? त्रिलोकेकर, नाडकर्णी, पावशे, सोमण, रेगे, बर्वे – आडनावांची विविधता आहे, बोलींची तर मेजवानीच आहे. पण ही सारी विविधता पांढरपेशा वर्तुळाच्या आत फिरते. पोटजातींच्या लकबींवर हसू शकणारा हा समाज जातीच्या भिंतीपाशी येऊन थबकतो, आणि लेखकही त्याच्याबरोबर थबकतो. विनोदकाराने समाजशास्त्र लिहावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. तथापि गमावलेल्या शेजाराचा शोक ज्या उत्कटतेने झाला, त्या उत्कटतेने त्या शेजाराच्या दाराबाहेर राहिलेल्यांची आठवण झाली नाही, एवढे म्हणणे प्राप्त आहे.

ही आठवण अवघ्या पाच वर्षांनी बाबुराव बागुलांनी करून दिली. 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेतील तरुण नोकरीच्या नव्या गावी जातो. त्याला जागा हवी आहे, आणि जागेपूर्वी जात विचारली जाते. तो ती सांगत नाही. ज्यांच्या सहवासात तो राहतो ते त्याला आदराने वागवितात, घरी बोलावितात, त्याच्या बुद्धीचे कौतुक करतात. आणि जात उघड होताच तेच हात त्याच्यावर उठतात. ही कथा बहुधा विद्रोहाची कथा म्हणून वाचली जाते. ती तशी आहेच. पण तिची खरी वेदना शेजाराची आहे. मारणारे अनोळखी असते, तर ती केवळ अत्याचाराची हकीकत झाली असती. मारणाऱ्यांनी त्याला आधी आपले म्हटले होते, आणि ते म्हणणे त्या क्षणी प्रामाणिक होते. म्हणजे त्यांनी ज्याला आपले म्हटले तो माणूस कोण होता? बागुलांच्या आवेगी, कित्येकदा अतिरेकाकडे झुकणाऱ्या शैलीविषयी तक्रार करता येईल. पण हा प्रश्न संयमी गद्यात इतक्या आघाताने उभा राहिला असता असे वाटत नाही. 'बटाट्याची चाळ' आणि ही कथा एकाच दशकाच्या वाचकापुढे आल्या. त्या एकमेकींच्या शेजारी ठेवून वाचण्याचा उद्योग मराठी समीक्षेने करावयास हवा होता.

धर्मभेदाच्या शेजाराबाबत मराठी कथाकाराने रजतपटाचा आश्रय घेतला, ही एक जाता जाता नोंदविण्याजोगी बाब. 'रणांगण'कार विश्राम बेडेकर यांनी प्रभात कंपनीसाठी 'शेजारी' लिहिला, व्ही. शांताराम यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणि 'पडोसी' या नावाने हिंदीत दिग्दर्शित केला. जीवबा आणि मिर्झा या दोन वृद्ध मित्रांत बाहेरून आलेल्या धरणाच्या धन्याचा स्वार्थ फूट पाडतो आणि अखेर धरणच फुटते. हिंदी आवृत्तीत हिंदू शेजाऱ्याची भूमिका मजहर खान यांनी व मुसलमान शेजाऱ्याची गजानन जागीरदार यांनी केली, ही योजना कथेपेक्षाही बोलकी होती. कथेत मात्र दोष असा, की वैराचे बीज सर्वस्वी बाहेरून आणले गेले आहे. दोन शेजाऱ्यांच्या मनात आधीपासून काहीच साचलेले नसते, हे मानणे सोयीचे आहे, खरे नाही.

साचलेले असते आणि ते खरेही असू शकते, हे पाहावयाचे तर बंगालीकडे वळावे लागते. बिभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली'त (१९२९) दुर्गेवर शेजारच्या घरातील वस्तू चोरल्याचा आळ येतो. शेजारीण कर्कश आहे, श्रीमंतीची घमेंड तिच्या शब्दाशब्दांत आहे. वाचक अर्थातच दुर्गेच्या बाजूने उभा राहतो. दुर्गा मरते. पुढे गाव सोडताना ती वस्तू अपूच्या हाती लागते, आणि तो ती कोणाला न सांगता टाकून देतो. शेजारणीचे म्हणणे खरे होते! तरीही वाचकाची सहानुभूती तसूभरही ढळत नाही, उलट ती अधिक खोल जाते. कारण त्या मुलीने आयुष्यात दुसऱ्याच्या घरात पाहिलेल्या सुंदर गोष्टी आणि स्वतःच्या घरातील रितेपण यांमधले अंतर आता मोजता येते. शेजारीण खलनायिका नाही, साक्षीदार आहे. तिच्याजवळ सत्य आहे, आणि ते सत्य अपुरे आहे. शेजाऱ्याच्या ज्ञानाची ही मर्यादा मराठी कादंबरीने क्वचितच पकडली. तिचे शेजारी एक तर खोटे बोलतात, नाही तर भले असतात.

या संदर्भात किरण नगरकर यांचा विचार आवश्यक ठरतो. 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४) या मराठी कादंबरीनंतर त्यांनी इंग्रजीत लिहिलेली 'रावण अँड एडी' (१९९५) ही भाषेने मराठी नसली, तरी तिचे कूळ मराठी चाळीचेच आहे. माझगावच्या एका चाळीत खालच्या मजल्यांवर हिंदू राहतात, सर्वांत वर कॅथलिक. सज्जातून निसटलेले पार्वतीबाईंचे तान्हे मूल खाली उभा असलेला व्हिक्टर कुटिन्हो झेलतो आणि त्यातच प्राण गमावतो. दृष्ट लागू नये म्हणून रामाचा रावण झालेला तो मुलगा आणि बाप गेल्यानंतर जन्मलेला व्हिक्टरचा एडी हे एकाच जिन्याने वाढतात. एकाचे जगणे दुसऱ्याच्या बापाच्या मरणावर उभे आहे, हे ऋण दोन्ही घरांना ठाऊक आहे. त्यासाठी भाषा मात्र एकाही घरापाशी नाही. येथे काकू-मावशीचे उसने नाते जोडण्याची सोय नाही, म्हणून शेजार प्रथमच उघडा दिसतो. पाण्याच्या नळावरची युद्धे येथेही आहेत, विनोदही आहे, कित्येकदा पु. लं.पेक्षा रांगडा, पण या विनोदात समेटाची हमी नाही.

मुंबईत बीडीडी चाळींच्या सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या जाऊन त्यांच्या जागी ५०० चौरस फुटांच्या सदनिकांचे मनोरे उभे राहत आहेत. त्यांत राहावयास जाणाऱ्या माणसाला भिंत लाभेल, दाराला आतून कडी लाभेल, आणि ती कितीतरी पिढ्यांची साधी, न्याय्य आकांक्षा आहे. त्या कडीविषयी लिहिणाऱ्या लेखकाच्या हाताशी पु. लं.चे 'चिंतन' आयते आहे. त्याने नगरकरांच्या त्या दोन मुलांकडेही पाहावे : वर्षानुवर्षे एकमेकांच्या डोक्यावर व पायाखाली राहून, एकमेकांशी बोलायचे कसे हे ज्यांना ठाऊक नाही.