चौक ‘लिहिणे’ : वारली लग्नचौकातील सहकर्तृत्वाचा विचार

वारली लग्नचौकाविषयी आजवर जे लेखन झाले आहे, त्यात ‘चित्र’ हा शब्द इतका रूढ झाला आहे की त्याची चिकित्सा करावी असे कोणास वाटत नाही. यशोधरा दालमिया यांच्या 1988 सालच्या महत्त्वाच्या इंग्रजी ग्रंथाचे नावच मुळी ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ असे आहे. चित्र म्हटले की एक पृष्ठ आले, एक रंगद्रव्य आले आणि ओघानेच एक चित्रकार आला. परंतु ज्या स्त्रिया हा चौक घडवितात त्या चौक ‘काढतात’ किंवा ‘रंगवितात’ असे म्हणत नाहीत. त्या चौक ‘लिहितात’. ही केवळ बोलीतील गंमत आहे असे समजून पुढे जाणे योग्य होणार नाही. चौक ही नाना द्रव्यांची, नाना हातांची आणि त्या हातांमधील स्नेहाची एकत्र कृती आहे. तिला निव्वळ चित्र म्हणून पाहणारी समीक्षा तिचा बराचसा भाग दृष्टीआड करते, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या विचारास निमित्त झाले ते चांदीप येथील एका लग्नघराचे. वसई तालुक्याच्या पूर्व भागातील बोलीचे नमुने गोळा करीत असता मी तेथे गेलो होतो. घर पक्क्या विटांचे व सिमेंटचा गिलावा केलेले होते. तरी आतील भिंतीचा एक चौकोनी भाग शेणामातीने सारवून त्यावर गेरू दिलेला होता. पाचसहा स्त्रिया तांदळाच्या पिठाची वाटी मध्ये ठेवून भिंतीशी बसल्या होत्या. त्यांतील एकीने रेखलेली फणी मला विशेष आवडली. दातांची ओळ किंचित वाकडी होती. पण त्या वाकडेपणातच तिचा जिवंतपणा होता. मी सहज विचारले, “ही फणी कोणाची?” स्त्रिया हसल्या. उत्तर आले ते असे, की फणी देवीची.

माझ्या प्रश्नातील षष्ठी विभक्ती कर्तृत्वाची होती. त्यांच्या उत्तरातील षष्ठी स्वामित्वाची होती. ‘हे चित्र कोणाचे?’ असे कलादालनात विचारले असता चितारणाऱ्याचे नाव सांगावयाचे असते, हा संकेत आपल्या अंगवळणी पडला आहे. चांदीपच्या त्या घरात हा संकेतच नव्हता. मी पुन्हा, यावेळी शब्द बदलून, फणी कोणी लिहिली असे विचारले, तेव्हा ‘आम्हीच’ असे अनेकवचनी उत्तर मिळाले. वस्तुतः ती एकीच्याच हातची होती, हे मी समक्ष पाहिले होते. मग त्या खोटे बोलत होत्या काय? तसे म्हणता येणार नाही. त्यांचे उत्तर अधिक अचूक होते. ते कसे, याचा उलगडा पुढे होईल.

प्रथम ‘लिहिणे’ या क्रियापदाकडे वळू. संस्कृतातील ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे, रेघ ओढणे असा आहे. अक्षरे लिहिणे व आकृती रेखणे हे दोन्ही अर्थ त्यातून निघाले. ‘आलेख्य’ म्हणजे चित्र. जुन्या मराठीतही चित्र लिहिले जाई. ग्रीकमधील ‘ग्राफेइन’ या क्रियापदाचा अर्थविकासही असाच आहे. पुढे प्रमाण मराठीत लिहिणे अक्षरांपुरते उरले आणि आकृतींसाठी काढणे, रेखाटणे, रंगविणे अशी निराळी क्रियापदे आली. वारली बोलीत जुना अविभक्त अर्थ टिकला. तो तेथेच टिकला असेही नाही. मिथिलेतील स्त्रिया लग्नातील कोहबर ‘लिहितात’. ओडिशातील सौरा लोक आपल्या भित्तिचित्रांस ज्या शब्दाने ओळखतात त्याचाही संबंध लिहिण्याशीच आहे, आणि सौरा ही तर आर्यकुळातील भाषाही नव्हे. तेव्हा या प्रयोगामागे एक समान जाणीव असावी असे मानण्यास जागा आहे. चित्र पाहावयाचे असते. लेख वाचावयाचा असतो, आणि लेख कोणाला तरी उद्देशून असतो. चौकाच्या बाबतीत ते उद्दिष्ट पालघट देवी होय. तिला लग्नघरी येण्याचे आवाहन म्हणजे चौक.

आता या लेखाचे साहित्य पाहू. पारंपरिक घराची भिंत कारवीच्या कुडाची. तिच्यावर माती व शेण यांचे लिंपण, त्यावर गेरूचा थर, त्यावर तांदळाच्या पिठीचे पांढरे द्रावण, आणि ते ओढण्यासाठी टोक ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. शेवटी हळदकुंकवाचे ठिपके. यांतील एकही द्रव्य रंगविक्रेत्याकडून आलेले नाही. कारवी व बांबू रानातले, शेण गोठ्यातले, तांदूळ शेतातला, हळदकुंकू देव्हाऱ्यातले. प्रत्येक द्रव्याबरोबर घराचा एकेक व्यवहार भिंतीवर चढतो. आजच्या कलाविचारात ज्यास मिश्रमाध्यम म्हणतात, त्याची व्याख्या चौकास सहज लागू पडेल. मात्र येथे माध्यमांचे मिश्रण हे आश्चर्य उत्पन्न करण्याची युक्ती नाही; लग्नास जे जे लागते ते सर्व भिंतीवर हजर असावे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

या द्रव्यांत आणखी एक द्रव्य धरावयास हवे, आणि ते म्हणजे गाणे. सवाशिणी चौक लिहीत असता धवलेरी गात असते. लग्नविधी चालविणारी ही स्त्री. तिच्या गाण्यावाचून चौक पुरा होत नाही. ‘धवल’ हा मंगलगीताचा प्रकार अपभ्रंश काळापासून ज्ञात आहे. तेराव्या शतकात महदंबेने ऋद्धिपुरास गोविंदप्रभूंच्या विवाहकौतुकाच्या प्रसंगी रचलेले धवळे मराठी वाङ्मयाच्या प्रत्येक इतिहासात आदराने उल्लेखिले जातात. उत्तर कोकणातील आगरी समाजात लग्नगीते गाणाऱ्या स्त्रीस धवलारीण म्हणतात. महदंबेचे धवळे आपण ग्रंथालयात ठेवले व धवलेरीचे गाणे मानववंशशास्त्राच्या कपाटात टाकले, ही आपल्या वर्गीकरणाची सोय झाली. शब्दाने मात्र आपले नाते सोडलेले नाही.

चांदीपला मी जे पाहिले त्यावरून रेषा आणि गाणे यांचा संबंध शोभेपुरता नाही असे दिसले. गाण्याची लय संथ झाली की हातही संथ होत. एक जण थकून मागे सरली की दुसरी तिची काडी घेऊन तीच रेघ पुढे नेई. त्या वाकड्या फणीचे काय झाले तेही येथे सांगितले पाहिजे. शेजारी बसलेल्या वृद्ध स्त्रीने ती पुसली नाही, वा तरुणीस दोषही दिला नाही. तिने फणीलगत शिडी लिहिली आणि शिडीच्या पायऱ्यांस तोच कल दिला. मग तिसरीने वरचे झाड त्याच बाजूस झुकविले. पाहता पाहता चूक ही रचना झाली. फणी एकीने लिहिली हे खरे; पण तिला तिचे स्थान व अर्थ देण्यास इतर दोघी कारण झाल्या. ‘आम्हीच’ या उत्तराचा उलगडा येथे होतो. मैत्रीचे वर्णन आपण भावनेच्या शब्दांत करतो. तेथे ती मला एका कृतीच्या रूपात दिसली : दुसरीची चूक न पुसता तिला शेजार देणे. सर्जनशीलता ही एकांताची देणगी आहे, हे आपले गृहीत या भिंतीपुढे टिकत नाही.

मराठीच्या व्याकरणातही या अनुभवास अनुकूल अशी एक गोष्ट आहे. ‘तिने चौक लिहिला’ आणि ‘त्यांनी चौक लिहिला’ या दोन वाक्यांत क्रियापद बदलत नाही. कर्मणी प्रयोगात क्रियापद कर्त्याशी जुळत नाही, कर्माशी जुळते. करणारी एक असो वा दहा असोत, क्रियापदाला कळते ते एवढेच की चौक एक आहे. व्याकरणावरून समाजस्थितीचे अनुमान काढणे धोक्याचे असते, हे मी जाणतो. मराठी बोलणारे सर्वच निरहंकारी असते तर गोष्ट निराळी होती. तथापि, कृतीचे एकत्व कर्त्यांच्या संख्येवर अवलंबून नसते ही कल्पना आपल्या भाषेस परकी नाही, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

पश्चिमेकडील एका प्रसंगाशी येथे तुलना उद्बोधक ठरेल. 1912 साली पिकासोने चित्रफलकावर वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चिकटविले आणि त्याच वर्षी ब्राकने कागद चिकटवून चित्रे रचली. मिश्रमाध्यमाचा आधुनिक इतिहास बहुधा येथून सांगितला जातो. परंतु त्या काळात हे दोघे इतक्या निकट सहवासात काम करीत की कोणते चित्र कोणाचे हे ओळखणे कठीण जाई, आणि पुष्कळ चित्रांच्या दर्शनी बाजूस ते सहीही करीत नसत. एकाच दोराने बांधलेल्या दोन गिर्यारोहकांची उपमा ब्राकने पुढे या मैत्रीस दिली. 1914 च्या महायुद्धाने ती सोबत संपली. कलेच्या इतिहासात चिकटविलेले कागद राहिले, सोबत तळटीपेत गेली. चौकाच्या समीक्षेत तेच घडू नये.

ते काही प्रमाणात घडलेच आहे. 1966-67 च्या बिहारमधील दुष्काळात अखिल भारतीय हस्तकला मंडळातर्फे भास्कर कुलकर्णी मिथिलेत कागद घेऊन गेले. 1970 नंतरच्या दशकात तेच वारली पाड्यांवर आले. भिंतीवरील लेख कागदावर उतरला तो असा. वारली बाजूस या कागदाचा मुक्तपणे उपयोग करणारे पहिले प्रमुख कलावंत डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. त्यांची प्रतिभा वादातीत आहे. 1989 साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची कला मांडली गेली, 2003 साली ड्युसेलडॉर्फ येथे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासमवेत त्यांचे प्रदर्शन झाले, 2011 साली त्यांस पद्मश्री मिळाली. 2018 साली ते निवर्तले. कापडावर शेणाचे लिंपण देऊन त्यांनी भिंतीची आठवण राखली, हेही विसरता येत नाही. पण सवाशिणींच्या लेखनास या मार्गाने जी कीर्ती लाभली तीत पुरुषांची नावे पुढे आली व सवाशिणी मागे पडल्या. दोष कागदाचा म्हणावा, तर मिथिलेत त्याच कागदावर सीतादेवी व गंगादेवी यांची नावे झाली. तेव्हा कागद कारण नव्हे, ‘कोणाचे?’ हा प्रश्न एकवचनी उत्तराच्या अपेक्षेने विचारणारे आपण, हे खरे कारण. मिथिलेतही स्त्रियांची नावे झाली ती एकेकटीचीच.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, चौक हा विधी आहे. तेथे आकृती ठरलेल्या, स्थाने ठरलेली, मग सर्जनास वाव कोठे? याचे उत्तर त्या फणीच्या कलात आहे. काय लिहावयाचे हे ठरलेले असले, तरी शेजारणीच्या रेघेस आपली रेघ कशी मिळवावयाची हे ठरलेले नसते. भाषेचेही असेच असते. नियम सर्वांचे, वाक्य ज्याचे त्याचे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हे सख्य सर्वांसाठी खुले नाही. सवाशीण म्हणजे जिचा पती हयात आहे अशी स्त्री. विधवेस ती काडी हाती घेता येत नाही. हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. चौकातील स्नेहाचे वर्णन करताना या कुंपणाचा उल्लेख गाळणे म्हणजे अभ्यास नव्हे, स्तुतिपाठ होय. किंबहुना ‘आम्ही’ या सर्वनामात कोण येते व कोण येत नाही, हा प्रश्न विचारल्यावाचून सहकर्तृत्वाची कोणतीही उपपत्ती पूर्ण होत नाही.

या विवेचनातून अभ्यासकांसाठी काही व्यावहारिक सूचना निघतात. संग्रहालयात लग्नचौकाची नोंद करताना कर्त्याचे स्थान ‘अज्ञात’ म्हणून भरू नये. कर्त्या ज्ञात आहेत. त्या अनेक आहेत एवढेच. ज्यांची संमती असेल त्या सर्वांची नावे द्यावीत, धवलेरीचेही द्यावे. चौकाच्या छायाचित्राबरोबर त्या वेळचे गाणे ध्वनिमुद्रित करावे व दोहोंची नोंद एकाच क्रमांकाखाली ठेवावी. भिंत कशाची, शेण व गेरू कोणी दिले, तांदूळ कोणत्या घरचा, हेही लिहून ठेवावे. कारण ही द्रव्ये पार्श्वभूमी नसून मजकुराचाच भाग आहेत. चांदीपच्या त्या घरी सिमेंटची भिंत असूनही तिच्यावर शेणामातीचा चौकोन सारवला गेला, यावरून त्या स्त्रियांस ही गोष्ट आमच्याआधी उमगली होती हे उघड आहे.

लग्नानंतर काही महिन्यांनी मी त्या घरी पुन्हा गेलो, तेव्हा पावसाच्या ओलीने चौक बराच विटला होता. फणीचे दोनतीन दात व शिडीचा खालचा भाग तेवढा उरला होता. ते जपून ठेवावे असे मी सुचविले. घरच्या गृहिणीने शांतपणे सांगितले की धाकटीचे लग्न ठरले आहे, भिंत पुन्हा सारवायची आहे, आणि बायका येणार आहेत.