महाजालावरील नभोवाणी : विपुलता, निवड आणि प्रहर

नभोवाणीच्या श्रोत्याला स्थानक शोधावे लागणे ही काही आजची गोष्ट नव्हे. माहिती व नभोवाणी मंत्री डॉ. केसकर यांच्या 1952 नंतरच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली, तेव्हा श्रोत्यांनी लघुलहरींवर रेडिओ सिलोन शोधून काढले. पुढे 1957 मध्ये विविधभारती सुरू झाली. त्या काळी शोधात अडथळा होता तो खरखरीचा. आज अडथळा आहे तो विपुलतेचा. महाजालावर हजारो स्थानके एका क्षणात उपलब्ध असताना 'चांगले स्थानक' कशास म्हणावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

2016 मध्ये नेदरलँड्समधून सुरू झालेले 'रेडिओ गार्डन' हे या शोधाचे सर्वांत आकर्षक साधन होय. पडद्यावरील पृथ्वीचा गोल फिरवावा आणि एखाद्या हिरव्या ठिपक्यावर थांबावे, की त्या गावचे स्थानक ऐकू येते. कल्पना रम्य आहे, यात शंका नाही. परंतु ठिपका स्थळ सांगतो, गुण सांगत नाही. अर्धा तास गोल फिरवूनही बहुधा सर्वत्र सारख्याच चालीची लोकप्रिय गाणी हाती लागतात, असा प्रस्तुत लेखकाचा अनुभव आहे. शिवाय हा गोल दिसतो तितका सीमारहित नाही. 2022 मध्ये प्रक्षेपण-हक्कांच्या अटींमुळे ब्रिटनमधील श्रोत्यांना त्यावरील परदेशी स्थानके बंद झाली.

याउलट 1971 मध्ये पॅरिस येथे सुरू झालेले, रेडिओ फ्रान्सचे 'फिप' हे स्थानक पाहावे. जॅझ, अभिजात संगीत, फ्रेंच गीते, आफ्रिकी संगीत असे परस्परांपासून दूरचे प्रकार तेथे एकापाठोपाठ एक येतात आणि तरीही विजोड वाटत नाहीत. मध्ये निवेदन येते ते मोजक्या शब्दांचे. एका ध्वनिमुद्रिकेनंतर दुसरी कोणती लावावी, याचा निर्णय जाणत्या माणसाने घेतलेला आहे, हे ऐकताना जाणवत राहते. श्रोत्याच्या मागील आवडीवरून पुढचे गाणे सुचविणारी यंत्रणा त्याला त्याच्याच अभिरुचीच्या कुंपणात फिरवते. 'फिप'चा निवडकर्ता मात्र त्याला त्याने न मागितलेले देतो. चांगल्या स्थानकाची पहिली कसोटी ही.

दुसरी कसोटी काळाची आहे आणि ती भारतीय श्रोत्यालाच विशेष लागू पडते. आकाशवाणीची 'रागम' ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी 26 जानेवारी 2016 रोजी सुरू झाली आणि महाजालामुळे ती जगभर पोहोचली. हिंदुस्थानी व कर्नाटक या दोन्ही पद्धती एकाच प्रवाहात ऐकावयास मिळणे, ही आपल्या संगीत-विभागांना कितीतरी उपयोगी पडावी अशी सोय आहे. (किती प्राध्यापक ती वर्गात वापरतात, हा प्रश्न येथे न विचारलेलाच बरा.)

तथापि हिंदुस्थानी संगीतातील समयसंकेत या प्रवाहात एका विलक्षण अडचणीत सापडतो. आकाशवाणीच्या सभांमध्ये तो सामान्यतः पाळला जातो : पहाटे भैरव, सायंकाळी यमन. पण भारतातील सकाळचे सहा म्हणजे न्यू जर्सीतील आदल्या दिवशीचे सायंकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेआठ. तेथील मराठी श्रोता दिवेलागणीला भैरव ऐकतो आणि न्याहारी करताना यमन. लघुलहरींनाही हा दोष होताच, परंतु तेव्हा दूरदेशी स्पष्ट ऐकू येणे हीच अपूर्वाई होती. आज आवाज निर्दोष पोहोचतो, त्यामुळे प्रहर न पोहोचल्याची उणीव अधिक उघडी पडते. खुद्द भारतातही हा प्रवाह काही सेकंद मागेच असतो. नभोवाणीवरील वेळ ऐकून घड्याळ लावणाऱ्या पिढीला हे पटणे कठीण जाईल.

ध्वनिमुद्रणांच्या संग्रहातून हवा तो राग हव्या त्या वेळी लावता येतो, मग स्थानक हवेच कशाला, असा आक्षेप संभवतो. त्याने प्रहर सांभाळला जातो हे खरे, पण निवड पुन्हा श्रोत्याकडेच येते. ज्याला मारवा हे नाव ठाऊक नाही, तो मारवा मागणार कसा? मला वाटते, 'रागम'चाच प्रवाह सुमारे दहा तासांच्या विलंबाने स्वतंत्रपणे सोडणे हा अधिक योग्य उपाय ठरेल. निवेदकाने सांगितलेली वेळ तेवढी वगळावी लागेल.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला ही सूचना मुळीच रुचली नाही. संध्याकाळी घरी आल्यावर ती 'रागम' लावते ते पुण्यात आई उठली असेल म्हणून. राग कोणता लागला आहे याकडे तिचे अनेकदा लक्षही नसते. संगीतसमीक्षेच्या दृष्टीने हे श्रवण सदोष आहे असे मी तिला म्हटले, त्यावर तिने मावशीला फोन जोडून दिला. मावशीकडेही तोच भैरव चालू होता, काही सेकंद पुढे.