४२९ गुणांचा मोहन भार्गव

गेल्या महिन्यात 'स्वदेस' पुन्हा पाहिला. कोयनानगरच्या घरी, मोबाइलवर, तीन बैठकांत. रेंज गेली की थांबायचं, आली की पुढे. शाळेत असताना टीव्हीवर पाहिला होता तेव्हा आमच्या कॉलनीला एकाच गोष्टीचं कौतुक होतं. याचं शूटिंग वाईजवळ मेणवलीला झालंय, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. नदीचा घाट दिसला की कोणीतरी ओरडायचं, "हे बघ, मेणवली!" मोहन भार्गव 'नासा' सोडून परत आला, याचं तेव्हा फार काही वाटलं नव्हतं. सिनेमात हिरो परत येणारच.

या वेळी मात्र मी पाहत होतो एक गोष्ट आणि शोधत होतो दुसरीच. कारण त्याच मोबाइलवर दुसऱ्या टॅबमध्ये माझे गुण उघडे होते. ४२९.

ज्यांनी हा हिशोब कधी केलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅनडाला कुशल कामगार म्हणून कायमचं राहायचं, म्हणजे पीआर घ्यायचं, तर २०१५ पासून 'एक्स्प्रेस एंट्री' नावाची पद्धत आहे. तुम्ही माहिती भरता, ते तुम्हाला १२०० पैकी गुण देतात आणि एका मोठ्या रांगेत उभं करतात. अधूनमधून फेरी निघते, एक आकडा जाहीर होतो, त्या आकड्याच्या वरच्यांना बोलावणं जातं. माझे गुण असे: वयाचे ११०, पदवीचे १२०, इंग्रजीचे १२४, अनुभव आणि इंग्रजी यांच्या जोडीचे ५०, पदवी आणि इंग्रजी यांच्या जोडीचे २५. इंग्रजीचे १२४ मिळवायला आयईएलटीएसमध्ये ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात. ते मी दुसऱ्या खेपेला मिळवले. २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांत सर्वसाधारण फेऱ्यांचा आकडा ५२४ ते ५४९ या दरम्यान राहिला होता. मी शंभरेक पावलं मागे.

पुढच्या महिन्यात मला तिसावं लागतंय. २९ पर्यंत वयाचे ११० मिळतात, तिसाव्याला १०५, एकतिसाव्याला ९९. पंचेचाळिसाव्याला शून्य. म्हणजे माझ्या वाढदिवशी, मी काहीही न करता, माझे गुण ४२४ होणार आहेत.

हे सगळं डोक्यात घेऊन 'स्वदेस' पाहिला, आणि पहिल्यांदाच जाणवलं की आपल्या परदेशाच्या गोष्टींमध्ये हा तक्ता कुठेच नाही.

*

आपल्याकडे परदेशी जाण्याची गोष्ट बहुतेक वेळा मनाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. जयवंत दळवींचं 'संध्याछाया' घ्या. नाना आणि नानी, रिकामं घर, अमेरिकेतला मुलगा. तो मुलगा आपल्याला कळतो तो या दोघांच्या वाट पाहण्यातून. नाटक अजूनही आतून हलवतं, कारण दळवींना म्हातारपणातला एकटेपणा नेमका दिसला होता. पण या नाटकाने मराठी घरांना एक सवयही लावली. गेलेला माणूस म्हणजे ज्याने सोडलं तो. एकदा गेला की तिथे त्याचं बस्तान बसलेलंच असणार. तोही तिकडे कसली तरी वाट पाहत असेल, ही शक्यता आपल्या मनात येत नाही.

अमेरिकेत ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या आपल्या ओळखीच्या कोणालाही विचारा. नोकरीच्या ग्रीन कार्डात एका देशाला साधारण सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. आईबापांचं कार्ड येण्याआधी मूल एकवीस वर्षांचं झालं की त्या रांगेतून बाहेर पडू शकतं. 'संध्याछाया'तल्या मुलाच्या जागी आज कोणी असेल, तर त्याच्याही घरात एक संध्याकाळ रेंगाळत असते. तिचं नाटक अजून कोणी लिहिलेलं नाही.

'स्वदेस'ने दळवींच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. मुलगा परत येतो. आशुतोष गोवारीकरांचा मोहन कावेरीअम्माला न्यायला येतो, चरणपूरमध्ये गुंततो, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी अडवून वीज काढतो, परत अमेरिकेला जातो आणि शेवटी कायमचा येतो. हा चित्रपट मला आजही आवडतो. पण त्याचा सगळा पेच मोहनच्या मनात आहे. जावं की राहावं, हे त्याने ठरवायचं आहे, आणि त्याने ठरवलं की तसं होतं. कागद मध्ये येत नाही. आमच्या पिढीतल्या बहुतेकांना हे ठरवण्याचं सुख नसतंच. आम्ही ठरवतो, मग आकडा ठरवतो.

कोयनेच्या काठावर बसून पाहताना आणखी एक गोष्ट टोचली. मोहनच्या तळ्यात कोणाचंही घर जात नाही. गाव राबतं, पाणी साठतं, एका म्हातारीच्या घरात बल्ब लागतो आणि आपल्या डोळ्यांत पाणी येतं. माझ्याही आलं. पण ज्या जिल्ह्यात हे चित्रित झालं, त्याच जिल्ह्यात विजेसाठी अडवलेलं शिवसागर आहे, आणि त्याच्या तळाशी गावं आहेत. 'स्वदेस'मधला इंजिनिअर गावाला काहीतरी देतो. आमच्याकडे इंजिनिअर आले, त्यांनी महाराष्ट्राला दिलं आणि गावाकडून घेतलं. दोन्ही खरं आहे. गोवारीकरांनी सोपं तेवढं निवडलं.

तरीही चित्रपटात एक जागा अशी आहे जिथे ते सोपं राहत नाहीत. मोहन थकलेली खंडाची रक्कम मागायला दुसऱ्या गावी जातो, तिथला हरिदास. तो मूळचा विणकर. विणकामात पोट भरेना म्हणून शेतीकडे वळला, तर गावाने त्याला शेतकरी मानलंच नाही, पाणीसुद्धा दिलं नाही. परतीच्या प्रवासात रेल्वेच्या खिडकीशी चार आण्याला पाणी विकणारं पोर येतं, त्या दृश्याची खूप चर्चा झाली. मला या वेळी हरिदास जास्त लागला. सबंध चित्रपटात खऱ्या अर्थाने कुशल कामगार तोच आहे, आणि त्याच्या कौशल्याचे गुण शून्य आहेत. नासातल्या माणसाचं कौशल्य जगभर चालतं, विणकराचं शेजारच्या गावातही चालत नाही. कुशल कोण हे हातावर ठरत नाही, मोजणाऱ्यावर ठरतं. हे 'स्वदेस'ला दिसलं होतं, पण त्याने ते मोहनला पाझर फोडण्यापुरतं वापरलं आणि गाडी पुढे गेली.

एकोणीस वर्षांनी त्याच शाहरुख खानला घेऊन नागपूरच्या राजकुमार हिरानींनी 'डंकी' काढला. इथे कागद आहे, भरपूर आहे. पंजाबातल्या एका गावातली मंडळी इंग्रजीच्या परीक्षेवर आणि व्हिसावर आपटत राहतात. त्यातला सुखी स्वतःला जाळून घेतो आणि उरलेले चोरवाटेने लंडनला निघतात. मला वाटलं होतं, अखेर आपला सिनेमा आला. पण हिरानींनाही शेवटी मनच हवं होतं. कोर्टात आश्रय मिळवण्यासाठी 'माझ्या देशात मला धोका आहे' एवढं म्हणायचं असतं, आणि हिरो ते म्हणायला नकार देतो. टाळ्या पडतात. परत गाडी तिथेच येते. खरं प्रेम कोणाचं, खोटं कोणाचं.

म्हणजे एका टोकाला नासाचा शास्त्रज्ञ, दुसऱ्या टोकाला सीमा चालत ओलांडणारा. एकाला तक्त्याची गरज नाही, दुसऱ्याला तक्त्यात जागा नाही. मधला ४२९ वाला कुठे आहे? तो बीई आहे, त्याने फी भरली आहे, त्याने काहीही चोरून केलेलं नाही, आणि तो दर फेरीला मोबाइल रिफ्रेश करतो. त्याच्या आयुष्यात नाट्य नाही असं लेखकांना वाटत असावं.

*

माझ्या घरात हे नाट्य कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. आण्णांना, म्हणजे वडिलांना, मी तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून सगळे रकाने वाचले आणि म्हणाले, "म्हंजी आपल्या दाखल्यावाणीच की रं."

आजोबांची जमीन आणि घर धरणात गेलं. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली आला, कोयनेचं पाणी त्याच्या कितीतरी आधी चढलं होतं. कोणी सांगलीकडे गेलं, कोणी सोलापूरकडे, कोणी रायगड-ठाण्याकडे, कोणी धरणाच्या वरच्या अंगाला डोंगरात सरकलं. २०१८ साली श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांनी कोयनानगरला ठिय्या दिला तेव्हा त्यात नातवंडंही होती. माझ्या आजोबांच्या वाट्याला जे आलं, त्यात एक कागद होता. प्रकल्पग्रस्ताचा दाखला. त्यावर सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण, पण एका घरातून एकालाच. तो आण्णांना मिळाला. धाकटे चुलते मुंबईला गेले आणि पाटण-जावळीतल्या हजारोंसारखे माथाडी झाले. पाठीवर पोतं कसं घ्यायचं, फळीवरून ट्रकमध्ये कसं चढायचं, तोल कुठे सांभाळायचा, हे शिकायला त्यांना दोन वर्षं लागली. त्या कामाला सगळीकडे 'अकुशल' म्हणतात.

आण्णा आणि चुलते यांच्यात तीस वर्षं एक अबोला होता. भांडण नव्हतं. दिवाळीला यायचे, जेवायचे, पण दाखल्याचा विषय निघाला की चुलते उठून अंगणात जायचे. दोघांपैकी कोणीही काही वाईट केलं नव्हतं. एक रकाना होता आणि त्यात एकच नाव मावत होतं.

मी म्हणतो ती गोष्ट ही आहे. कोणी कोणाला सोडलं, हा तिचा प्रश्नच नाही. तक्ता आला की माणसं एकमेकांशी कशी वागायला लागतात, हा आहे. कॅनडाच्या तक्त्यात तिकडे सख्खा भाऊ असेल तर १५ गुण आहेत. इकडे आईवडील असतील तर त्याचा रकाना नाही. माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर लोक चेष्टेत विचारतात, "कॅनडात कोणाचा भाऊ रिकामा आहे का?" हसतो सगळे. मग एकाला बोलावणं येतं, आणि त्याला अभिनंदन लिहायला बाकीच्यांना अर्धा दिवस लागतो.

*

आता तक्त्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे, नाहीतर हा लेखही मनाचीच गोष्ट होईल.

गुणांची पद्धत जगात पहिल्यांदा कॅनडानेच आणली, १ ऑक्टोबर १९६७ पासून. त्याआधी तुम्ही कोणत्या देशाचे, कोणत्या वंशाचे, यावर दार उघडायचं की नाही ते ठरत असे. नव्या पद्धतीत १०० पैकी ५० मिळाले की पास. शिक्षण, भाषा, वय, हुन्नर. माणूस कुठून आला हे विचारणं बंद झालं. ही मोठी सुधारणा होती. मला तक्ता आवडतो तो याचसाठी. मी आयुष्यात जेवढे फॉर्म भरले, त्यांत आडनावावरून, ओळखीवरून, कोणाचा कोण यावरून काही ठरणार नाही असं वाटलेला हा पहिला. कराडच्या कॉलेजातून निघालेला मुलगा आणि दिल्लीच्या महागड्या कॉलेजातला मुलगा, पदवीचे दोघांनाही १२० च.

त्याच वर्षी, त्या तारखेनंतर बरोबर ७१ दिवसांनी, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर भूकंपात पडलं. दीडशेहून जास्त माणसं गेली. धरणात साठलेल्या पाण्यामुळे भूकंप होऊ शकतो, याचं उदाहरण म्हणून जगभरच्या पुस्तकांत आमच्या गावाचं नाव आलं. आजी त्या पहाटेचं सांगायची तेव्हा आकडा कधीच सांगायची नाही. कोण कोणाच्या अंगणात झोपलं, कोणी कोणाला भाकरी दिली, हेच. आकडा मला नंतर पुस्तकात मिळाला. दोन्ही लागतात. आकडा नसता तर ती फक्त आमच्या घरची आठवण राहिली असती. आजी नसती तर फक्त आकडा.

टीकाकार म्हणून माझी तक्रार एवढीच आहे, की आपल्या साहित्य-सिनेमाने परदेशाच्या बाबतीत आजीचं काम केलं, तेही अर्धंच. मागे राहिलेल्यांचं रडणं सांगितलं, परतणाऱ्याचं कौतुक केलं. रांगेत उभ्या असलेल्याकडे पाहिलं नाही. आणि त्याच्याकडे न पाहिल्यामुळे, 'कुशल' हा शब्द कोण ठरवतं, हा मोठा प्रश्न हरिदासच्या झोपडीत राहून गेला. त्या प्रश्नाची साखळी माझ्या घरातच पूर्ण होते. आजोबा शेतीत कुशल होते, जमीन गेली आणि गुण गेले. चुलते हमालीत कुशल, त्याला गुण कधी मिळालेच नाहीत. मी सिव्हिलचा इंजिनिअर, मला ४२९, तेही पुढच्या महिन्यापर्यंत.

आण्णांनी परवा विचारलं, "आता काय राहिलं?" मी सांगितलं, फ्रेंच. फ्रेंच चांगली आली तर वेगळे गुण, आणि वेगळ्या फेऱ्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या फेऱ्यांचा आकडा ४०० च्याही खाली होता. पुण्यात क्लास आहे, रोज सकाळी सात ते नऊ, वर्षभर तरी लागेल. तोपर्यंत एकतीस, म्हणजे आणखी सहा गुण कमी.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तात्याला फोन कर. त्याचा पोरगा बी करतोय म्हणं असलंच काहीतरी. दोघं मिळून शिका."

चुलतभावाला फोन केला. त्याचे गुण माझ्याहून सतरा जास्त आहेत. ते ऐकल्यावर मी क्षणभर गप्प बसलो, आणि तोही बसला. मग क्लासची फी किती आहे ते त्याने विचारलं.